दोन मिनिटांत येणारी इडली कालच निघालेली असते

मुंबईत माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या आसपासच्या कुठल्याही उडुपी हॉटेलात सकाळी आठला जाऊन बसा. पाण्याचा पेला टेबलावर येतो, पाठोपाठ वेटर येतो, तुम्ही "एक इडली-वडा, सांबारात बुडवून" म्हणता आणि मोबाइल खिशातून काढून दोन निरोप वाचेपर्यंत वाफाळती प्लेट समोर येते. शेजारच्या टेबलावरचा माणूस डोसा संपवून कॉफीकडे वळलेला असतो. दारात उभे असलेले चौघे त्याच्या खुर्चीकडे बघत असतात. लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या या शहराला असं झटपट खाणं मानवतं.

पण त्या प्लेटमधलं जवळजवळ काहीच घाईत झालेलं नसतं. इडलीचे तांदूळ आणि उडीद काल दुपारीच भिजत पडलेले असतात. पिठात रात्रभर कोट्यवधी जिवाणू राबलेले असतात. सांबारातला हिंग बहुधा अफगाणिस्तानातल्या किंवा इराणमधल्या एखाद्या कोरड्या डोंगरउतारावरून आलेला असतो. आणि हा सगळा खटाटोप मुंबईत आणणाऱ्या माणसांमागे कित्येक शतकं न विझलेल्या मंदिराच्या चुली आहेत. शहरातलं सगळ्यात वेगवान खाणं सगळ्यात संथ कामावर उभं आहे, याचं मला अतोनात अप्रूप वाटतं. त्या संथ कामाचा माग प्लेटमधूनच काढता येतो.

उडदाबरोबर आलेले पाहुणे

इडलीच्या पिठात यीस्ट घालत नाहीत, विरजण लावत नाहीत. चांगल्या हॉटेलात सोडाही पडत नाही. भिजवायचं, वाटायचं, मीठ घालायचं आणि झाकून ठेवायचं, एवढंच. तरीही सकाळी पीठ पातेल्याच्या काठापर्यंत चढलेलं असतं. हे करतं कोण?

१९६५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी इडलीच्या पिठातले सूक्ष्मजीव वेगळे काढून तपासले. पीठ फुगवण्याचं मुख्य काम करणारा निघाला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू. तो बाहेरून आणावा लागत नाही, डाळीबरोबरच स्वयंपाकघरात येतो. डाळ भिजली की त्याला पाणी मिळतं आणि वाटली की खायला साखर मिळते. साखर खाऊन तो तीन गोष्टी बनवतो: लॅक्टिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल. वायूने पीठ फुगतं, आम्लाने त्याला आंबूस चव येते. आम्ल वाढत गेलं की नको असलेल्या बऱ्याच जिवाणूंना तिथे तग धरता येत नाही. म्हणजे पीठ फुगवणाराच त्याची राखणही करतो. तीस अंशांच्या आसपासचं तापमान त्याला मानवतं आणि मुंबईची हवा वर्षातले बरेच महिने त्याच्या सोयीची असते. थंडीत मात्र तेच पीठ रेंगाळतं. जाणता आचारी ऋतू बघून वेळ आणि मीठ कमीजास्त करतो.

आता यातली खरी कमाल. वायू तयार झाला तरी तो पिठात थांबायला हवा. पावात हे काम गव्हातलं ग्लुटेन करतं. तांदळात ग्लुटेन नाही, उडदातही नाही. मग बुडबुडे वर येऊन फुटून का जात नाहीत? म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९७०च्या दशकात याचं उत्तर शोधलं. उडदात एक विशिष्ट प्रथिन असतं आणि एक चिकट, बुळबुळीत पदार्थ असतो. उडीद डाळ भिजवून बोटांत चोळली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो याच पदार्थाचा. प्रथिन प्रत्येक बुडबुड्याभोवती साबणाच्या फुग्यासारखा पातळ पडदा धरतं आणि चिकट पदार्थ तो पडदा फाटू देत नाही. तूर, मूग, हरभरा यांच्यात हे इतकं चांगलं जमत नाही. दक्षिणेतल्या स्वयंपाकघरांनी प्रयोगशाळेच्या कित्येक शतकं आधी सगळ्या डाळींतून नेमकी हीच डाळ उचलली होती.

उडदाचं हे सामर्थ्य निखळ रूपात बघायचं असेल तर मेदूवडा बघा. त्यात तांदूळ जवळजवळ नसतोच, पीठ आंबवायचीही गरज नसते. उडीद कमीत कमी पाण्यात वाटून हाताने फेसतात. पिठाचा थेंब पाण्यात टाकला आणि तो तरंगला की पीठ तयार. मधलं भोकही शोभेसाठी नसतं. जाड गोळा तळला तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. भोकामुळे तेल आतल्या बाजूनेही भिडतं आणि वडा सगळीकडे सारखा शिजतो.

इडलीचा इतिहासही उडदापासूनच सुरू होतो. कन्नडमधल्या दहाव्या शतकातल्या 'वड्डाराधने' या ग्रंथात इडलीच्या पूर्वजाचा उल्लेख आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'तही तो आहे. मराठीतली जुनी पदं सापडतात म्हणून आपल्याकडचे अभ्यासक ज्याला फार मानतात, तोच हा 'मानसोल्लास'. त्यातली कृती मात्र नुसत्या उडदाची आहे, तांदूळ नाही. खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक के. टी. अचया यांनी नेमकं याकडे लक्ष वेधलं. तांदळाची जोड, रात्रभर आंबवणं आणि वाफवणं, या तिन्ही गोष्टी त्या जुन्या वर्णनांत नाहीत. आपण खातो ती इडली कुणा एकाने एका दिवशी शोधलेली नाही, ती शतकानुशतकं सुधारत आली आहे.

आणि तांदूळ-उडदाची ही जोड किती शहाणपणाची आहे! तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडदात ते भरपूर असतं. उडदात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी पडतात, ती तांदूळ भरून काढतो. आंबवल्यामुळे धान्यातल्या खनिजांना धरून ठेवणारी फायटेटं कमी होतात, काही ब जीवनसत्त्वं वाढतात आणि पचन सोपं होतं. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर इडली खायला सांगतात, त्यामागे एवढं सगळं आहे.

एकच पीठ, दोन नशिबं

आता हॉटेलच्या तव्याकडे वळू. शक्य असेल तिथे डोसेवाल्याला बघता येईल असं टेबल पकडावं.

लांबरुंद जाड लोखंडी तवा, खाली भडकलेली आग. आचारी आधी मूठभर पाणी तव्यावर शिंपडतो. चर्रर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो. मग एका छोट्या केरसुणीने तो तवा झाडून घेतो. वाटीने पीठ मधोमध ओततो आणि त्याच वाटीचं बूड टेकवून मधून कडेकडे गोल फिरवत नेतो. मनगट हलतं, खांदा स्थिर असतो. पाहता पाहता पीठ कागदाइतकं पातळ होतं. वरून तेलाची किंवा तुपाची धार. मिनिटभरात कडा आपोआप सुटतात, मधला भाग सोनेरी होतो, बटाट्याची भाजी पडते आणि उलथण्याने गुंडाळी होते. तोवर शेजारी आणखी तीन डोसे वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि त्यातला कुठला उचलायचा हे त्याला न बघता कळतं.

पाणी शिंपडण्यामागे पदार्थविज्ञान आहे. तवा फार तापलेला असेल तर पीठ पडता क्षणीच घट्ट होतं आणि पसरत नाही, फाटतं. त्यामुळे पीठ ओतायच्या आधी तवा क्षणभर निववावा लागतो. पाण्याची वाफ होताना ते प्रचंड उष्णता शोषून घेतं. बर्फाळ थंड पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. म्हणून मूठभर पाण्यानेही एवढा मोठा तवा वरच्या वर निवतो. तवा अतोनात तापला असेल तर थेंब तडतडून उडून न जाता गोळ्या होऊन तव्यावर नाचतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो. जर्मन वैद्य लायडनफ्रॉस्ट याने १७५६मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं. डोसेवाला त्याचं नाव घेत नाही, पण थेंब कसे वागतात ते बघून तव्याचं तापमान ओळखतो. त्याच्याकडे दुसरं मापक नसतं आणि त्याला ते लागतही नाही.

आता इडलीपात्रात काय चालतं ते बघा. तिथे हेच गणित उलट्या दिशेने चालतं. वाफ थंड पिठाला भिडते, पाणी होते आणि होताना जवळची ती प्रचंड उष्णता पिठाला देऊन टाकते. म्हणून इडली दहाबारा मिनिटांत आतपर्यंत शिजते. पण उघड्या वाफेचं तापमान शंभर अंशांवर जात नाही, म्हणून इडली कधी करपत नाही, कधी लाल होत नाही. तव्यावर दीडशे अंश सहज ओलांडले जातात आणि तिथे वेगळंच काहीतरी घडतं. शर्करा आणि अमिनो आम्लं एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून शेकडो नवे सुगंधी पदार्थ आणि तो तपकिरी रंग तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. पावाचं कवच, भाजलेली कॉफी, खरपूस भाकरी, सगळीकडे तीच असते. डोशात ती विशेष जोमाने होते, कारण रात्रभराच्या आंबण्यात पिठातली काही पिष्टं आणि प्रथिनं तुटून नेमका हाच कच्चा माल मोकळा झालेला असतो. हॉटेलवाले पिठात थोडी मेथी, चणाडाळ किंवा पोहे घालतात तेही रंग आणि कुरकुरीतपणासाठीच.

साधारण त्याच तांदूळ-उडदातून एकीकडे पांढरीशुभ्र मऊ इडली आणि दुसरीकडे सोनेरी कुरकुरीत डोसा, हे जितक्या वेळा बघावं तितक्या वेळा मला नवल वाटतं. फरक काय तो पिठाच्या पातळपणाचा, तांदळाच्या प्रमाणाचा आणि उष्णतेच्या वाटेचा. वाफेने गेलं की इडली, लोखंडाने गेलं की डोसा, वर कांदा-टोमॅटो घालून जाड सोडलं की उत्तप्पा, खळग्यांच्या तव्यात घातलं की आप्पे. उडुपी हॉटेलचा भलामोठा मेन्यू दोनतीन पिठांवर चालतो. दोन मिनिटांत प्लेट येते ती यामुळेच.

कांदा-लसणाविना सुगंध

सांबाराची वाटी नाकाजवळ घ्या. डाळ आणि चिंच यांच्यामागे एक उग्र, ओळखीचा वास असतो, कांदा-लसूण परतल्यासारखा. उडुपीच्या पारंपरिक सांबारात मात्र कांदाही नसतो आणि लसूणही नसतो. वास हिंगाचा आहे. हिंग म्हणजे फेरुला जातीच्या झुडपाच्या मुळातून निघणारा चीक. त्यात गंधकाची संयुगं असतात आणि ती कांदा-लसणातल्या संयुगांच्या नात्यातली आहेत. देवाच्या नैवेद्यात कांदा-लसूण चालत नाही, पण जिभेला तर ती चव हवी असते. हा पेच इराण-अफगाणिस्तानकडच्या एका झुडपाने सोडवला. आपला देश जगातला मोठा हिंग खाणारा देश, पण कित्येक शतकं हिंग आयातच होत आला. २०२०मध्ये पालमपूरच्या संशोधन संस्थेने हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची रोपं लावून इथल्या लागवडीची सुरुवात केली.

हिंगाला जागं करते ती फोडणी. हिंग, मोहरी, कढीपत्ता यांचे बरेचसे सुगंध पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात. तापलेल्या तेलात ते उतरतात आणि तेलाचा तो पातळ थर सांबारभर पसरला की पहिल्या घासातच सगळा वास नाकात चढतो. मोहरी तडतडते ती दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन दाणा फुटतो म्हणून. म्हणजे तो आवाज ऐकणाऱ्याला तेलाचं तापमानच सांगत असतो.

सांबारातली मिरची अमेरिका खंडातून आलेली, पोर्तुगीजांच्या काळात इथे रुजलेली. कर्नाटकातली ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य, म्हणून उडुपीकडच्या पदार्थांना तो लालभडक रंग येतो पण जीभ भाजत नाही. वर गुळाचा खडा. तामिळनाडूकडच्या माणसाला मुंबईतलं सांबार गोड लागतं, ते यामुळे. मुंबईने 'साउथ इंडियन' म्हणून जे खाल्लं ते बहुतांशी कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका गावाचं खाणं होतं.

एका मठाची चूल आणि एका शहराची भूक

ते गाव म्हणजे उडुपी. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तिथे कृष्णाची स्थापना केली आणि पूजेसाठी आठ मठांची व्यवस्था उभी राहिली. सोळाव्या शतकात वादिराजस्वामींनी पूजेची पाळी दोन महिन्यांवरून दोन वर्षांवर नेली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी पर्याय सोहळा होतो आणि एक मठ दुसऱ्याकडे पूजेची आणि अन्नदानाची जबाबदारी सोपवतो. रोज हजारो माणसांना जेवू घालायचं म्हणजे तयारी किती आधीपासून लागत असेल? ज्या मठाची पाळी येणार असते तो वर्षभर आधी मुहूर्त करून केळीची रोपं लावतो. पुढे तांदळाचा मुहूर्त, मग सरपणाचा आणि शेवटी भाताचा. जेवणाची पानं ज्या केळीची असतील ती केळ आधी जमिनीत लावण्यापासून सुरुवात करणारं हे स्वयंपाकघर आहे.

या स्वयंपाकघराला नियमांनी घडवलं. चातुर्मासात एका महिन्यात बऱ्याचशा भाज्या वर्ज्य, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी. डाळींचाच निषेध असताना हजारो माणसांचं पान चविष्ट ठेवायचं म्हणजे आचाऱ्याच्या हाताची परीक्षाच. अशा परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या देत आलेली माणसं पुढे शहरांत गेली.

जायचं कारण मात्र बहुतेकदा पोटाचं होतं. किनाऱ्यावर जमीन तुटपुंजी, माणसं जास्त. १९२३च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात मोठा पूर आला आणि अनेक कुटुंबं उघड्यावर आली. कोवळ्या वयाची मुलं मंगळूरहून बोटीने मुंबईत उतरली आणि हॉटेलांत भांडी घासायला लागली. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. त्या काळी समुद्र हाच सरळ रस्ता होता. दिवसा टेबल पुसायचं आणि रात्री कन्नड रात्रशाळेत शिकायचं, अशी एक अख्खी पिढी या शहराने बघितली.

माटुंगाच का, यालाही कारण आहे. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करायला १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वस्त्या उभारायला घेतल्या. नव्या इमारतींत रेल्वेत, सरकारी आणि खासगी कचेऱ्यांत नोकरी करणारे दक्षिणेकडचे कारकून, टंकलेखक, हिशेबनीस राहायला आले. त्यात एकटे पुरुष पुष्कळ. त्यांना घरचं वाटेल असं, सोवळ्याओवळ्यात बसणारं आणि पगारात परवडणारं जेवण हवं होतं. १९३२मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. त्याच दशकात हॉटेलंही येऊ लागली. कॅफे म्हैसूर १९३६चं, रामाश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं. कॅफे म्हैसूर सुरू करणाऱ्या ए. रामा नायक यांनी १९४२मध्ये, ऐन महायुद्धात, माटुंगा स्टेशनसमोर उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. तिथे आजही पहिल्या मजल्यावर केळीच्या पानावर जेवायला लोक रांग लावतात. त्याच महायुद्धात तांदळाची चणचण झाली तेव्हा बंगळूरच्या एमटीआर या हॉटेलाने रवा वापरून इडली केली आणि रवा इडली जन्माला आली, असं ती मंडळी सांगतात.

या प्रवासातलं सगळंच गोड नाही, आणि ते झाकून ठेवलं तर गोष्ट अपुरी राहील. सोवळ्याच्या स्वयंपाकघरातून आलेल्या दक्षिणेतल्या जुन्या हॉटेलांत ब्राह्मणांना बसायला वेगळी जागा असायची आणि मद्रासमध्ये पाटीवरच्या 'ब्राह्मण' या शब्दाविरुद्ध पेरियार यांच्या अनुयायांनी आंदोलन केलं. मुंबईत १९६६मध्ये शिवसेना स्थापन झाल्यानंतरच्या वर्षांत दक्षिणेकडच्या लोकांविरुद्धच्या आंदोलनात उडुपी हॉटेलांची मोडतोड झाली. ज्यांनी या शहराला पहाटे उठून खाऊ घातलं त्यांच्यावर ती वेळ यायला नको होती, असं मला मनापासून वाटतं. पुढे मात्र त्याच हॉटेलांत मराठी कुटुंबं रविवारी डोसा खायला जाऊ लागली आणि आज डोंबिवलीपासून नागपूरपर्यंत इडलीपात्र नाही असं मराठी घर शोधावं लागेल.

वेगळ्या पंगतीतून निघालेलं हे हॉटेल अनोळखी माणसांच्या सामायिक टेबलावर येऊन पोहोचलं, ही मला त्याची सर्वात मोठी कमाई वाटते. गर्दीच्या वेळी वेटर तुम्हाला कुणाही अनोळखी माणसासमोर बसवतो. समोरचा कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. चटणीची वाटी मधे असते आणि दोघं आपापला डोसा खातात. भारतासारख्या देशात अनोळखी माणसांनी एका टेबलावर शिजवलेलं अन्न खाणं ही शंभर वर्षांपूर्वी साधी गोष्ट नव्हती.

शेवटी कॉफी

कॉफी सांबाराबरोबर मागवू नका, खाणं संपल्यावर मागवा. तिला मोकळी जीभ लागते.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. पूड हलकी दाबून वर उकळतं पाणी ओतायचं आणि थांबायचं. यंत्राचा दाब नाही, घाई नाही. पाणी स्वतःच्या वजनाने पुडीतून झिरपतं आणि थेंबाथेंबाने घट्ट काळा अर्क खाली जमतो. पुडीत बहुधा चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. ते आपल्याकडे गुजरातेत पिकतं. त्यात कॅफीन नसतं. मुळात साठलेलं इन्युलिन भाजताना कारमेलसारखं होतं, त्यामुळे अर्काला गडद रंग, दाटपणा आणि किंचित गोडसर कडवटपणा येतो. दुधाच्या भाराखालीही कॉफी कॉफीच राहते ती या मुळामुळे.

मग पेला आणि डबरा, म्हणजे पेल्याखालची खोलगट वाटी. वेटर वरच्या हातातून खालच्या हातात कॉफीची लांब धार सोडतो, पुन्हा उलट. धार हवा ओढून घेते, दुधातली प्रथिनं त्या हवेच्या बुडबुड्यांभोवती धरून बसतात आणि जाड फेस तयार होतो. साखर ढवळली जाते, उकळती कॉफी पिण्याजोगी होते आणि फेसाच्या थराखाली ती बराच वेळ गरम राहते. चमचा नाही, यंत्र नाही. दोन भांडी आणि हाताचं अंतर यांवर काम भागतं.

आज माटुंग्यातच नाही, मुंबईभर अनेक उडुपी हॉटेलांत तव्यापाशी उडुपीचा माणूस नसतो. तिथली मुलं शिकली, कचेऱ्यांत आणि परदेशात गेली. तव्यापाशी ओडिशाचा, झारखंडचा, उत्तर प्रदेशचा किंवा नेपाळचा तरुण उभा असतो. पीठ किती आंबलं हे तो झाकण काढून वासावरून सांगतो, पाण्याच्या थेंबांवरून तवा ओळखतो, हिंग कधी घालायचा हे मोहरीच्या आवाजावरून ठरवतो. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही, शेजारी उभ्या असलेल्या जुन्या आचाऱ्याने शिकवलं. मठाच्या चुलीतून निघालेली विद्या जातीची राहिली नाही, प्रांताचीही राहिली नाही, जो पहाटे चारला उठायला तयार आहे त्याची झाली. पुढच्या वेळी बिल देऊन निघताना त्या तरुणाला डोसा कसा झाला होता ते आवर्जून सांगा. तो गाव सोडून आला आहे आणि हे काम तो मन लावून शिकला आहे.